दावा क्रमांक तीन

खटपट्यांच्या नावावर तीन पेटंटं होती आणि तिन्हींची प्रमाणपत्रं स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या भिंतीवर टांगलेली होती. बैठकीच्या खोलीत का नाहीत, असं कोणी विचारलं की ते छाती पुढे काढून म्हणत, "ज्या जागी शोध लागले, तिथेच त्यांचा मान."

आतून बायकोचा आवाज येई, "बैठकीत माझं शिलाई मशीन आहे. तिथल्या भिंतीत खिळा ठोकायला मी नाही म्हटलं, हेही सांगा की पाहुण्यांना."

खटपटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ज्या इस्पितळाच्या तळघरात बसून त्यांनी चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, तिथल्या एका नर्सनं कधीतरी जिन्यावरून तशी हाक मारली. ती इतकी चपखल बसली की पुढे पगाराच्या कारकुनालासुद्धा खरं नाव आठवायला रजिस्टर उघडावं लागे. नुसती दुरुस्ती करून त्यांचं समाधान व्हायचं नाही. बिघडलेली वस्तू हातात आली की ती पहिल्यापेक्षा शहाणी होऊनच परत जायची. चाकाच्या खुर्चीला त्यांनी छत्री अडकवायची नळी बसवली, औषधांच्या कपाटाला आपोआप मिटणारं दार केलं. एकदा त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाची कुरकुर थांबवली, तेव्हा डॉक्टर आठवडाभर अस्वस्थ होते. शांततेत त्यांना काही सुचेना.

पहिलं पेटंट खिडकीच्या अडसराचं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून पितळेची एक वाकडी जिभली, दार कुठल्याही कोनात थांबवणारी. दुसरं कपडे वाळत घालायच्या दोरीच्या कप्पीचं. हातातून दोर सुटला तरी कप्पी तो धरून ठेवायची, ओली चादर सपकन डोक्यावर यायची नाही. या वस्तू बऱ्याच घरांत गेल्या. कुणी काढल्या हे वापरणाऱ्यांना ठाऊक नसायचं, आणि खटपट्यांना त्याचं काही वाटायचं नाही. परक्या घराच्या खिडकीला आपली जिभली दिसली की ते रस्त्यात थांबत, विंगेत उभ्या राहिलेल्या नटानं प्रेक्षागृहातल्या टाळ्या ऐकाव्यात तसे दोन क्षण ऐकत, आणि चालू लागत.

तिसरं पेटंट मात्र त्यांच्या जिवाचा तुकडा होतं. बिजागरीची बाटली.

माणसाच्या शरीरातली गाठ किंवा व्रण तपासायचा असला की त्याचा लहानसा तुकडा काढतात. तो फॉर्मॅलिन नावाच्या उग्र वासाच्या पाण्यात बुडवून, बाटलीत घालून प्रयोगशाळेत धाडतात. भाताच्या शिताएवढा तुकडा. तो कुणाचा, हे बाटलीवर लिहिलेल्या नावाखेरीज कुणालाच सांगता येत नाही, प्रत्यक्ष ज्याचा आहे त्यालाही नाही. म्हणून प्रयोगशाळेतले जुने मास्तर, ज्यांच्या हाताखाली दोन पिढ्या तयार झाल्या, नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे.

"नाव बाटलीवर लिहायचं. झाकणावर नाही. झाकण म्हणजे टोपी. टोपी कुणाच्याही डोक्यावर बसते."

धडा सोन्यासारखा होता, पण बाटलीचं अंग सदा ओलं. फॉर्मॅलिनचा ओघळ आला की शाई पसरायची, चिठ्ठी सुटायची. एकदा एका तबकात दोन चिठ्ठ्या तळाशी पोहताना सापडल्या आणि दोन बाटल्या बिननावाच्या. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. तळघरात येऊन खटपट्यांच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काही तरी कर रे बाबा."

खटपट्यांनी केलं. टोपी कुणाच्याही डोक्यावर बसते, तर ती डोक्याला शिवूनच टाकू! त्यांनी जाड प्लास्टिकची बाटली घेतली आणि झाकण तिला बिजागरीनं कायमचं जोडलं. झाकणाचा माथा सपाट आणि खरखरीत केला, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं पुसू नये म्हणून. आता झाकण बाटलीला सोडून जाणार कुठे? मास्तरांनी आठ दिवस ती बाटली ओढून पाहिली, पाडून पाहिली, चष्मा काढून आणि लावून पाहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, "लिहा झाकणावर."

एवढ्यावर थांबतील तर ते खटपटे कसले! पहिली नमुन्याची बाटली त्यांनी घरी जिरं भरायला दिली होती. बायकोनं ती महिनाभर वापरली आणि एके सकाळी त्यांच्या पुढ्यात आपटली.

"बिजागरीच्या खाचेत मळ बसतोय. हे धुवायचं कसं? तुमच्या दातांच्या ब्रशानं?"

मुद्दा बिनतोड होता. प्रयोगशाळेतही बाटल्या धुऊन पुन्हा वापरायच्या होत्या. खटपट्यांनी बिजागरीची पिन सुटी केली, तिच्या टोकाला छोटीशी कडी दिली. बोट अडकवून ओढलं की पिन बाहेर, झाकण वेगळं, खाच स्वच्छ. पेटंटाच्या अर्जात आपण काय काय नवं केलं ते एकेक दावा म्हणून लिहावं लागतं. अर्ज लिहून देणारा एजंट म्हणाला, "पिन ठोकून पक्की करा. कशाला नसतं लचांड?" खटपटे हटून बसले. शेवटी दावा क्रमांक तीन म्हणून ते वाक्य गेलं: 'सदर पिन कोणत्याही अवजाराविना, हाताने काढता व घालता येते.' प्रमाणपत्र आलं, तेव्हा त्यांनी बायकोला दावा क्रमांक तीन मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझं नाव कुठाय यात?"

मास्तर निवृत्त झाले, पुढे वारलेही. बाटली राहिली. चार इस्पितळांनी ती उचलली. नऊ वर्षं झाली.

मग त्या वर्षी बायकोला गाठ लागली. मशीनवर वाकून शिवताना डाव्या छातीत टोचल्यासारखं झालं, तिला वाटलं सुईच कुठे अडकली. हात लावला तर आत चण्याएवढं काहीतरी कडक. मंगळवारी इस्पितळात गाठींची ओपीडी असे. तिथे सुईनं तुकडा काढला आणि तिच्या देखतच तो बिजागरीच्या बाटलीत टाकला. ती नर्सला म्हणाली, "ही आमच्या घरची बाटली हं. नीट वागा तिच्याशी."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ चांगली नव्हती. ऑपरेशन बारा दिवसांनंतरच्या सोमवारी ठरलं.

घरात त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलू लागले. हीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती. पस्तीस वर्षांत जिनं एकदाही त्यांच्या चहाला बरं म्हटलं नाही, ती आता म्हणायची, "छान झालाय हं."

पुढच्या आठवड्यात गुरुवारी तळघरात फोन आला. प्रयोगशाळेतलं तुकड्यांचे पातळ काप काढायचं यंत्र अडलं होतं. खटपटे हत्यारांची पेटी घेऊन वर गेले. एरवी ते कापाच्या यंत्रापर्यंत जात आणि तिथूनच परतत. त्या दिवशी यंत्र आतल्या खोलीत हलवलेलं होतं, जिथे बाटल्या उघडून तुकडे बाहेर काढतात. नऊ वर्षांत त्या खोलीत, काम चालू असताना, ते कधी गेलेच नव्हते. आपलं नाटक कसं चाललंय हे लेखकानं तिकीटघरावर विचारावं आणि घरी जावं, तसं चाललं होतं त्यांचं.

खोलीत चष्मेवाली होती. प्रयोगशाळेतली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत बडबडी टेक्निशियन. एक चष्मा डोळ्यांवर, एक केसांत, आणि दोन्ही शोधत फिरणारी.

"या या काका! बरोब्बर आलात. तुमच्यावाचून घोडं अडलंय."

खटपट्यांनी पेटी खाली ठेवली आणि टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर सहा बाटल्या उघड्या होत्या. डाव्या बाजूला, कापडाच्या घडीवर, सहा झाकणं ओळीनं मांडलेली होती, नावं वर करून. आणि स्टीलच्या एका वाटीत सहा पिना, कड्यांसकट.

त्यांना आधी काही कळलंच नाही. आपलीच वस्तू आहे, पण तिचे हात-पाय कुणीतरी वेगवेगळे करून ठेवलेत, एवढंच दिसत होतं.

"हे... धुवायला काढलंय?"

"नाही हो, काम चालू आहे ना! धुणं संध्याकाळी." चष्मेवालीनं चिमट्यानं एक तुकडा उचलला, पट्टीनं मोजला. "खरं सांगू काका? तुमची ती पिन म्हणजे वरदान आहे. झाकण लोंबत राहिलं की चिमटा आत जाताना मनगटाला आपटतं. वर फॉर्मॅलिनचा थेंब बाहीवर. पिन उपटली की मोकळं!"

"आणि मग?"

"मग काय? काम झालं की परत लावायची. ज्याचं झाकण त्याला."

"ज्याचं झाकण त्याला, ते कसं ओळखता?"

"ओळीनंच ठेवतो की. पहिलं पहिल्याला, दुसरं दुसऱ्याला." ती हसली. हसता हसता तिचं हसू जरा अडखळलं, कारण खटपट्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता.

ते पुढे झाले. पहिलं झाकण उचलून त्यांनी चौथ्या बाटलीवर ठेवलं. टक्. बसलं. तिसरं पाचव्यावर. टक्. प्रत्येक झाकण प्रत्येक बाटलीला केसाचाही फरक न पडता बसत होतं. साचा करताना याच गोष्टीसाठी त्यांनी तीन महिने घासाघीस केली होती. कारखानदाराला दहा वेळा परत पाठवलं होतं. कुठलंही झाकण कुठल्याही बाटलीला बसलं पाहिजे, नाहीतर तो कसला कारागीर!

"बाटलीवर नाव कुठाय?" त्यांनी विचारलं. आवाज स्वतःचा वाटत नव्हता.

"बाटलीवर? बाटलीवर कशाला? झाकणावर आहे ना." चष्मेवाली आता गोंधळली. "तुमचीच तर पद्धत, काका. मी आले तेव्हापासून असंच."

"हे पिन काढणं, तेही तेव्हापासून?"

"मला तर असंच शिकवलं."

खटपट्यांनी टेबलाची कड धरली. मास्तरांचा धडा नुसता मोडला नव्हता, तो मोडायची परवानगी त्यांनी स्वतः मिळवून दिली होती. बिजागरी आहे म्हणून लोकांनी बाटलीवर लिहायचं सोडलं. बिजागरी आहे म्हणून एका वेळी एकच बाटली उघडायचा नियम सुटला. आणि जिच्यावर हा सगळा विश्वास टांगलेला, ती बिजागरी एका बोटानं निघत होती. कोणत्याही अवजाराविना. हाताने.

आणि त्याच क्षणी, या सगळ्या भीतीच्या मधोमध, त्यांच्या मनात एक विचार लख्ख उजळला. तो इतका आनंदाचा होता की त्यांनाच हादरा बसला.

म्हणजे तो रिपोर्ट कदाचित हिचा नाहीच!

"दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार," ते म्हणाले. "गाठींच्या ओपीडीचे तुकडे. कितीजणींचे होते?"

चष्मेवालीनं रजिस्टर काढलं. "चौघींचे. एकत्रच केले होते, दुपारी. दोघींचे खराब, दोघींचे..." ती थांबली. तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, केसांतला लावला, तोही काढला. "काका, त्यात काकू होत्या ना?"

खटपट्यांनी रजिस्टरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी मिसळले नसतील हो," ती कुजबुजली. "मी नेहमी ओळीनंच ठेवते. नेहमी. काका, मी नसतील मिसळले..."

प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या मॅडम. सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या असत आणि वर न पाहता बोलत. खटपटे त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांनी वाक्य तयार करून आणलं होतं.

"मॅडम, एक विनंती होती. आमच्या हिची तपासणी पुन्हा एकदा करता येईल का? मनाचं समाधान म्हणून."

"कारण?"

"असंच."

"असंच कुणी बायकोला पुन्हा सुई टोचून घेत नाही, खटपटे."

बस, इथेच ते अडकले. कारण सांगायचं तर बाटलीचं नाव घ्यावं लागणार. आणि बाटलीचं नाव घेतलं की प्रश्न एका बाईचा राहणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही आतल्या खोलीत याल का? मला काही दाखवायचंय."

त्यांनी दाखवलं. झाकणं अदलाबदल करून दाखवली, एकदा, दोनदा. शेवटी सहाही झाकणं भराभर फिरवून बसवली आणि म्हणाले, "आता सांगा, यातली कुठली कुणाची?"

ते सहा तुकडे सकाळचे, अजून रजिस्टरात नोंद न झालेले होते. चष्मेवाली भिंतीला टेकून उभी होती. मोठ्या मॅडमनी सहा बाटल्यांकडे पाहिलं, मग खटपट्यांकडे. आपण काय करून बसलो ते खटपट्यांना तेव्हा उमजलं. समजावण्याच्या भरात त्यांनी सहा जिवंत माणसांची नावं त्यांच्या तुकड्यांवरून खरोखरच उडवून टाकली होती.

मॅडमनी सहाही बाटल्या एका तबकात गोळा केल्या.

"या सहाही जणांना परत बोलवा," मॅडम सावकाश म्हणाल्या. "आणि त्या मंगळवारच्या चौघींना. सोमवारची दोन्ही ऑपरेशनं थांबवा. ही बाटली या क्षणापासून बंद." मग पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "नऊ वर्षं, खटपटे. नऊ वर्षं मी या झाकणांवर वाचून सह्या केल्या."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना शेवटी शेवटी त्यांचा चेहरा नको तितका उजळला. तिनं मशीनचा पाय थांबवला.

"म्हणजे ते माझं नसेल."

"नसू शकेल."

"मग कुणाचं असेल?"

"त्या चौघींपैकी... दुसऱ्या कुणाचं."

"जिला सांगितलंय की तू ठणठणीत आहेस."

"हो."

"म्हणजे आता मी देव पाण्यात घालून बसायचं, की ते तिच्या गळ्यात पडो?" तिनं दोरा दातानं तोडला. "मला नाही जमणार. तुम्हाला जमतंय का पाहा."

खटपट्यांना जमत होतं. हेच तर त्यांना सहन होईना. ज्या बाईचं तोंड पाहिलं नाही, तिचं वाईट व्हावं म्हणून आपण मनातल्या मनात हात जोडतोय, हे त्यांना कळत होतं आणि हात सुटत नव्हते.

"पिन मीच काढायला सांगितली होती," बायको थोड्या वेळानं म्हणाली. "जिऱ्याच्या मळापायी."

"तू जिऱ्यासाठी सांगितलंस. अर्जात मी लिहिलं."

शुक्रवारी चौघींनाही पुन्हा सुई टोचली. या वेळी काचेच्या साध्या बाटल्या, एका वेळी एक. खटपट्यांनी तेवढ्या चार दिवसांत बाकीच्या तीन इस्पितळांना पत्रं लिहिली. एजंटानं मसुदा दिला होता, त्यात 'काही परिस्थितीत अडचण संभवते' असं होतं. खटपट्यांनी तो बाजूला सारला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'बाटली वापरू नका. चूक माझी आहे. पिन निघते.'

बुधवारी मोठ्या मॅडमनी बोलावलं. त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या नव्हत्या. सरळ बसून दाराकडे पाहत होत्या. खटपट्यांनी ओळखलं.

"बसा."

"बोला, मॅडम. उभा आहे तोच बरा."

"वहिनींचा रिपोर्ट पहिलाच बरोबर होता. गाठ त्यांचीच."

ते बसले. खुर्ची कुठे आहे ते न पाहता बसले आणि नशिबानं ती तिथेच होती.

"मग मिसळलं काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"मिसळलं होतं." मॅडमनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "दुसरी जी खराब म्हणून सोमवारी ऑपरेशनला येणार होती, ती शाळेत शिकवते. एकतीस वर्षांची. तिला काहीही झालेलं नाही. आणि जिला आपण घरी पाठवलं, ती बसवर कंडक्टर आहे. तिला आहे."

खटपटे त्या दोन कागदांकडे पाहत राहिले. म्हणजे बाटलीनं दगा दिला होता. अगदी ठरल्यासारखा, त्यांना दिसला तसाच. फक्त त्यांच्या घरापुरती ती बिनचूक निघाली होती.

शिक्षिकेला फोन गेला तेव्हा ती रडली नाही की हसली नाही. एवढंच म्हणाली, "मी परवाच आईला सांगितलं होतं. आता पुन्हा फोन करून काय सांगू? की नाही म्हणून? ती विश्वास ठेवेल?" मग तिनं फोन ठेवला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा करून विचारलं की हे तरी नक्की का.

खटपटे घरी गेले. बायको कुणाच्या तरी झग्याला अस्तर लावत होती. त्यांनी दारातूनच सांगितलं, एका वाक्यात, कारण दुसरं वाक्य निघणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिनं शिवण शेवटपर्यंत नेली, कापड फिरवलं, टाके पक्के केले.

"त्या कंडक्टरबाईला मुलं आहेत?"

"दोन."

"हं." तिनं झगा झटकून त्याची घडी घातली. "मग तुम्ही तोंड उघडलंत ते बरं केलंत."

आणि मग तिनं तो घडी घातलेला झगा तोंडावर धरला. पस्तीस वर्षांत खटपट्यांनी तिला असं पाहिलं नव्हतं. ते जाऊन शेजारी उभे राहिले. कशाला हात लावावा, काय सारखं करावं, हे या कारागिराला आयुष्यात पहिल्यांदा सुचेना.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी झालं. सर्जन म्हणाले, वेळेत सापडलंय, गाठ पुरती निघालीय, पुढे औषधं चालतील. तिसऱ्या दिवशी बायको उशीला टेकून बसू लागली आणि खटपट्यांनी आणलेल्या चहाचा एक घोट घेऊन म्हणाली, "हा चहा आहे की काढा?" खटपट्यांनी तो पेला परत घेतला. तळापाशी राहिलेला चहा त्यांनी स्वतः पिऊन टाकला. खरोखरच काढा होता.

त्याच दुपारी शेजारच्या खाटेवर नवी बाई आली. उंच, खणखणीत आवाजाची, हातात एक जाड पिशवी. नर्सनं ओळख करून द्यायची गरज नव्हती. पिशवी खाली ठेवतानाच ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "हो, डेपोत कळवलंय. नाही, रजा पूर्ण मंजूर. अगं, ज्यांनी बाटल्या बदलल्या त्यांना विचार ना, मला काय विचारतेस!"

खटपटे उठून उभे राहिले. बायकोनं त्यांच्या बाहीला धरलं, पण उशीर झाला होता.

"ती बाटली माझी," ते म्हणाले. "म्हणजे, मी केलेली."

कंडक्टरबाईंनी फोन कानापासून खाली घेतला. त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, विनातिकीट प्रवाशाला पाहतात तसं.

"तुम्ही ते?"

"मी."

"मला सांगितलं की काही नाही. मी घरी जाऊन मुलांना जेवायला बाहेर नेलं. धाकट्यानं विचारलं, आई आज काय आहे? मी म्हटलं, आज काही नाही, हेच आहे." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तेरा दिवस, साहेब. तेरा दिवस मी रोज सकाळी हसत ड्यूटीवर गेले."

बायको म्हणाली, "बाई, ह्यांनीच जाऊन सांगितलं मॅडमना. नाहीतर कुणाला कळलंच नसतं."

"ते ऐकलं मी." ती पुन्हा खटपट्यांकडे वळली. "एक विचारू? तुमच्या बायकोची तपासणी नसती त्या दिवशी, तर गेला असता सांगायला?"

पलीकडच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा कान देऊन होती. नाटकात असल्या जागी एक सुंदर वाक्य असतं. ते म्हटलं की पडदा पडतो आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. खटपट्यांच्या तोंडाशीही तसं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी मी हिच्यासाठी गेलो. तुमचा विचार माझ्या मनात आला, पण..." त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा समोर. "पण तो चांगला नव्हता. हिचं नसावं, तुमचं असावं, असा होता."

बायकोनं डोळे मिटून घेतले. म्हातारी खोकली.

कंडक्टरबाईंनी हातातला फोन बंद करून पिशवीत टाकला.

"माझ्या नवऱ्यानं हेच केलं असतं," ती म्हणाली. "फक्त कबूल केलं नसतं."

मग तिनं पिशवी उचलून खाटेखाली सारली, चपला काढल्या आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत आली. खटपटे तिथेच खांबासारखे उभे होते.

"सरका जरा, वाट अडवू नका," ती म्हणाली, आणि त्यांच्या बायकोच्या खाटेच्या काठावर बसली. "वहिनी, मला खरं सांगा. सुई टोचून झोपवतात तेव्हा माणूस काही बडबडतो का? म्हणजे शिव्या वगैरे? मला डेपोची सवय आहे हो, म्हणून विचारते."

"मी तर ह्यांना शोधत होते म्हणे," बायको म्हणाली. "डॉक्टर सांगत होते. आणि सापडत नव्हते म्हणून खूप रागवत होते."

दोघी हसल्या, आधी जपून, टाके धरून, आणि मग जपायचं विसरून. खटपटे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांना त्या हसण्यात सामील व्हावं की बाहेर जावं ते कळेना. बायकोनं न पाहताच हात पुढे केला, त्यांचा सदरा धरला, आणि धरूनच ठेवला.